रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाइकला हँडलबार रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावू का?

उंची सहा फूट. पुणे-गोवा केलं परवा, आंबोली उतरेपर्यंत खांदे आणि मान पार आखडली, उभं राहून चालवताना तर हँडल गुडघ्यापाशीच वाटतं. ३० एमएमचे रायझर घ्यावेत का, कोणी लावलेत?

घाटवेडा: मी लावलेत, फरक पडतो पण ३० घेताना जपून, कारण हँडल वर गेलं की क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा होज ताणला जातो. फिट केल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण लॉकपर्यंत फिरव, आरपीएम (इंजिनचा वेग) आपोआप वाढला तर अ‍ॅक्सिलरेटर केबल खेचली जातेय समज. माझ्या मेकॅनिकने हे बघितलंच नव्हतं, यू-टर्न घेताना गाडी अंगावर यायची बाकी होती 😅

साधा रायडर: आणि भाऊ जुनेच बोल्ट वापरू नकोस, आखूड पडतात, आटे नीट धरत नाहीत. टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) आवळ.

घाटवेडा: +१. आधी फुकटातलं कर, क्लॅम्प सैल करून हँडल थोडं मागे वळव, माझ्या मित्राचं तेवढ्यावरच भागलं.

मूळ प्रश्नकर्ता: हे सुचलंच नाही राव, रविवारी पाना घेऊन बसतो.