धामण दूध पिते म्हटलं तर बिघडलं कुठे?

ओसरी:
नागपंचमी झाली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षीचं भांडण झालं. आत्याने नागोबापुढे ठेवलेल्या दुधाच्या वाटीचा फोटो टाकला. पुण्यातल्या भाच्याने लगेच सुनावलं, "साप मांसाहारी असतो, दूध पीत नाही, हा छळ आहे." अरे, पाटावर मातीचा नाग होता! आत्या तेव्हापासून ग्रुपवर गप्प आहे.

साप दूध पीत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण प्रत्येक समजुतीमागे काठी घेऊन लागायलाच हवं का? पंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं-तळायचं नाही, म्हणून तर दिंडं उकडतात. ऐन श्रावणात बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात, तेव्हा एक दिवस तरी जमीन त्यांना मोकळी. वन्यजीव कायदा आला 1972 साली. तोवर नाग जगला तो असल्याच "अडाणी" समजुतींवर. पटतंय का?

गोठेवाला:
ताई, नाग जगला असेल, पण धामणीचं काय? ती गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या आजोबांनी त्यापायी किती धामणी ठेचल्या त्याला गणती नाही.

मी आज आठ गाई सांभाळतो. पायावर गोमाशी बसली तरी गाय लाथ झाडते, ती विळखा घालून घेईल? सापाला ना ओठ ना गाल, दूध ओढणार कशाने? दात सुईसारखे आणि आत वळलेले, सडाला लागले तर रक्तच येईल. सकाळी एखाद्या सडातून दूध कमी आलं की बहुतेक वेळा ती दगडीची, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाची सुरुवात असते. पण घरचे म्हणतात धामण पिऊन गेली, मग डॉक्टरला कोण बोलावतो? सड कायमचा जातो. आणि धामण गोठ्यात येते ती पेंडीच्या पोत्यांमागच्या उंदरांसाठी. फुकटात राखण करणारीलाच चोर ठरवून मारायचं. बिघडलं ते इथं.

शंकासुर:
गोठेवाले, धामणीचं मान्य. पण खोडून काढणाऱ्यांचा तोरा मला पचत नाही. "साप ठार बहिरा असतो, पुंगी त्याला ऐकूच येत नाही" हे वाक्य यांनी किती वर्षं तोंडावर फेकलं! बाहेरचा कान नसतो हे खरं, पण आतला असतो. जमिनीची थरथर तर त्याला कळतेच, हवेतून येणारे खर्जातले आवाजही ऐकू येतात. म्हणजे एक गैरसमज काढून तिथे दुसरा बसवला.

आणि साप चावला की वर करकचून दोरी बांधा, ब्लेडने काप द्या, तोंडाने विष ओढा, हे आम्हाला कोणी शिकवलं? भगताने नाही. प्रथमोपचार म्हणून शिकवलं होतं. आज तेच लोक म्हणतात यातलं काहीही करू नका.

रात्रपाळी:
शंकासुर, टोला बरोबर बसलाय. दोरीने काळेनिळे झालेले हात-पाय मी पाहिलेत. पण ती शिकवण चुकीची निघाल्यावर आम्ही बदलली. भगताचा मंत्र कधी बदललेला ऐकलाय?

मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो. धाग्याच्या नावावरच हरकत घेतो, कारण आमच्याकडे हा वाद वाटीतल्या दुधाचा नसतो. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला 58 हजार. त्यातली साधारण निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये.

मण्यार घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूणसुद्धा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते. घरचे ओवा देतात, पित्त म्हणतात. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास. "विषारी साप चावला तर आग होते, सूज येते" हा समज इथे जीव घेतो, आणि तो चांगल्या शिकलेल्यांतही आहे. दुसरा समज कडुनिंबाचा: पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. या परीक्षेत गेलेला अर्धा तास परत कुठून आणायचा?

तळकोकणी:
डॉक्टर, शहरातून बोलणं सोपं. (तुम्ही शहरात नाही, कबूल.) आमच्याकडे रात्री सापाचं नावही घेत नाहीत, जनावर म्हणतात, किरडू म्हणतात. चावलं तर "पान लागलं". दवाखाना घाट उतरून तीस किलोमीटर. भगत वाडीतला. त्याने उठवलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. तो सगळा भास होता काय?

रात्रपाळी:
भास नाही, माणसं खरंच उठली. देशात सापांच्या तीनशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या बहुतेक बिनविषारी किंवा माणसाला धोका नसलेल्या. गावात चावतात त्यांत दिवड, कवड्या, धामण पुष्कळ. शिवाय विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा चावाही असतो. म्हणजे भगताकडे आलेल्यांतले बरेचसे काहीही न करता उठणारच होते. ते उठले की नाव होतं. जे दगावतात त्यांची "वेळ भरलेली" असते. माझं असं खातं कोणी मांडलं तर मीही मोठा डॉक्टर!

उगाच वाईट वाटून घेऊ नका. माझा भगतांवर राग नाही. त्याने धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि गाडीत बसवून द्यावं. तेवढं त्याने केलं तर मी त्याला नारळ देईन.

गोठेवाला:
डॉक्टर, साप मारून पिशवीतून आणायचा असतो म्हणतात, ते खरं का?

रात्रपाळी:
नको. मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच असते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती तयार करतात, मुंबईच्या हाफकिनचं नाव ऐकलं असेल. घोणस-फुरशाचा संशय असला तर स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतो. गोठलं नाही तर विष भिनलंय, हे उत्तर मिळालं. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तरी अडत नाही.

शंकासुर:
ही नळीची गोष्ट भाच्याने ग्रुपवर टाकली असती तर कोणी रुसलं नसतं. पण त्याने निवडली ती वाटी!

तळकोकणी:
भगताचं उत्तर मला पूर्ण पटलं नाही. पण गाडीचं पटलं. आमच्या वाडीत रात्री चालेल अशी एकच गाडी आहे, आणि तिचा मालक गणपतीपर्यंत मुंबईत.

ओसरी:
धाग्याचं नाव आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. धामणीवर मी हरले. नागावर नाही.

काल आत्याला फोन केला. दुधाचा विषयच काढला नाही, मण्यारीचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पडवीत सगळे खालीच झोपतात. खाटा माळ्यावर पडल्यात, उतरवणार कोण?" भाच्याला रविवारी गावी धाडतेय. मच्छरदाण्याही त्यालाच घ्यायला सांगितल्यात.

शंकासुर:
आणि वाटी?

ओसरी:
वाटी राहील. दूध मांजर पितं, दरवर्षी.