रिपोर्टवरचा 'सायनस अॅरिदमिया' मराठीत कसा सांगावा?

प्रश्न: माझी पुतणी १७ वर्षांची. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला. मशीनने वर छापलं, 'सायनस अॅरिदमिया'. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे. पण आजीला वाटतंय सर्दीचा सायनस हृदयात उतरला, आणि भावाने 'अतालता' असा अर्थ वाचून धास्ती घेतली. योग्य शब्द कोणता?

उत्तर: यातला सायनस नाकाचा नव्हे. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू करणाऱ्या पेशींचा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. ठोका तिथूनच, म्हणजे हक्काच्या जागेवरून निघतोय. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि तरुण वयात हे ठळक दिसतं. पट्टीवर बघा, प्रत्येक उंच टोकाआधी तोच छोटा उंचवटा (पी लहर) असेल, फक्त टोकांमधली अंतरं कमीजास्त होतील. 'अतालता' म्हटलं की बिघाड आलाच, म्हणून तो इथे नकोच. मी 'श्वासलय' सुचवतो.

उत्तर: 'श्वासलय' आवडला, पण त्याने धडधडीचा उलगडा होत नाही. मी ईसीजी काढतो, तेव्हा 'धडधड' म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारतो. 'ठोका चुकतो' म्हणणाऱ्याचा बहुतेकदा एक ठोका वेळेआधी पडून पुढे विराम आलेला असतो. 'बटण दाबल्यासारखं सुरू होतं, तसंच बंद होतं' हे वेगळं प्रकरण. अशा वेळी पी लहरीपासून मोठ्या लहरीपर्यंतचं अंतर मोजतात. ते तीन बारीक चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदापेक्षा कमी आणि मोठ्या लहरीची चढण सुरुवातीला तिरकी असेल, तर वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी १९३० मध्ये वर्णन केलेला प्रकार (हृदयात विजेच्या संदेशाला एक जादा वाट असणं) असू शकतो. त्या तिरक्या चढणीला 'डेल्टा लहर'च म्हणावं, भाषांतराच्या भानगडीत पडू नये. आणि धडधड नसताना काढलेली पट्टी चांगली आली, तरी धडधडीचं कारण त्यातून कळेलच असं नाही. खेळताना शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयतज्ज्ञांना लगेच दाखवा. पुतणीला ठोके टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगा.

प्रश्नकर्ता: वाजवून घेतलं. दोन सरळ, एक घाईचा, मग थांबा. शुद्ध कधी हरपली नाही, घरातही तसं काही नाही. म्हणजे आमचं 'ठोका चुकतो' या गटातलं दिसतंय. डॉक्टरांना याच शब्दांत सांगतो आणि धडधड चालू असताना पट्टी कशी मिळेल तेही विचारतो. आजीला 'श्वासलय' पटला.