शब्दचर्चा: 'ओन्सेन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
जपानमधल्या कुसात्सूवर प्रवासलेख लिहितेय. गुन्मा प्रांतातलं, साधारण १२०० मीटर उंचीवरचं हे गाव. भर चौकात वाफाळतं पाणी वाहतंय आणि सगळीकडे गंधकाचा वास. संपादकांनी माझा 'ओन्सेन' जिथे तिथे खोडून 'गरम पाण्याचे झरे' केलंय. त्यामुळे एक वाक्य आता असं झालंय: 'आम्ही दोन रात्री गरम पाण्याच्या झऱ्यात मुक्काम केला.' यावर काही उपाय? शिवाय 'यूबाताके' आणि 'युमोमी' हे दोन शब्द समजावून सांगता सांगता माझा अर्धा परिच्छेद खर्ची पडतोय.

उत्तर:
संपादकांना सांगा की झरा ही ओन्सेनमधली एकच गोष्ट झाली. जपानीत 'ओन' म्हणजे ऊबदार आणि 'सेन' म्हणजे झरा, इथवर त्यांचं बरोबर आहे. पण त्या पाण्यावर बांधलेलं स्नानगृहही ओन्सेन आणि ते सगळं गावही ओन्सेनच. आपण 'वज्रेश्वरीला जाऊन आलो' म्हणतो, त्यात देवी, कुंडं, बाजार सगळं आलंच ना? बरं, कायद्याच्या दृष्टीने ओन्सेनचं पाणी गरम असायलाच हवं असंही नाही. १९४८च्या जपानी कायद्यानुसार, जमिनीतून निघताना पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी त्यात पुरेशा प्रमाणात हवा. म्हणजे खनिजं असलेलं गार पाणीही तिथे ओन्सेन ठरतं. अशा वेळी 'गरम पाण्याचा झरा' लिहिणं सपशेल चूक होईल. 'ओन्सेन' तसाच ठेवा, अर्थ पहिल्यांदा एकदा सांगितला की पुरे.

दुसरं उत्तर:
ठेवा की, पण आपल्याकडे शब्दच नाही अशा थाटात नको. आमच्या राजापूरला गरम पाण्याच्या ठिकाणाला 'उन्हाळे' म्हणतात. दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, चोपड्याकडे उनपदेव, किनवटला उनकेश्वर. या सगळ्यांत तोच 'ऊन' आहे, संस्कृत 'उष्ण'मधून आलेला. 'ऊन पाणी', 'ऊन ऊन भात' यांतला. हल्ली शहरात ऊन म्हटलं की फक्त सूर्याचं, म्हणून ही नावं ऐकून लोकांना मे महिना आठवतो. जपान्यांनी हे बरं जपलंय. साध्या पाण्याला 'मिझु', ऊन पाण्याला 'यु'. दोन वेगळे शब्द. 'गरम मिझु' असं कुणी म्हणत नाही. स्नानगृहाच्या दारावरच्या पडद्यावर नुसतं 'यु' हे एक अक्षर असतं, त्यावरून काय ते कळतं. त्यांच्याकडेही या 'यु'वरून गावांची नावं आहेत, युगावारा हे त्यातलंच. आतामीच्या नावाचा अर्थ तर सरळ 'तापलेला समुद्र'.

प्रश्नकर्ती:
'उन्हाळे' सुरेख आहे, पण 'कुसात्सूचं उन्हाळं' लिहिलं तर वाचक ऋतूच समजणार. तो राजापूरलाच राहू दे.

उत्तर:
यूबाताकेबद्दल. 'यु' तर वर आलाच. 'हाताके' म्हणजे शेत, पण भाताचं नव्हे. भातखाचराला ते 'ता' म्हणतात, आणि पाणी न साठवता पिकवतात ते 'हाताके'. कोरडवाहू जमिनीच्या शब्दाला ऊन पाणी जोडलंय, ही त्यातली गंमत. चौकातल्या लाकडी पन्हळींच्या रांगांमधून उगमाचं पाणी खेळवतात. वाहता वाहता ते थोडं निवतं आणि त्यातला गंधकाचा गाळ पन्हळींत बसतो. तो खरवडून, वाळवून, 'युनोहाना' म्हणजे ऊन पाण्याची फुलं या नावाने विकतात. पीक निघतं म्हणजे शेत म्हणायला हरकत नाही! मी लेखात 'ऊन पाण्याचं वावर' लिहिलं असतं. मराठवाड्यातला आहे, 'शेत'पेक्षा 'वावर' तोंडात लवकर येतं.

आणि 'लाकडी चॅनेल' लिहू नका, कृपा करून. पन्हळ आहे आपल्याकडे.

आणखी एक उत्तर:
युमोमीसाठी मराठीत हुकमी शब्द आहे, पण तो नकारातून वापरावा लागेल: विसण.

नव्या पिढीसाठी सांगते. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढलं की अंगाला सोसेल इतकं करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालतात ते विसण. कोमट पाणी नव्हे, नुसतं गार पाणीही नव्हे. मिसळण्यासाठी घेतलेलं गार पाणी. माझी आजी न्हाणीतून 'विसण आण गं' म्हणून हाक मारायची.

आता कुसात्सूत अडचण अशी की उगमाचं पाणी अंगाला न सोसण्याइतकं कढत. पण विसण घातलं तर पाण्यातले क्षार पातळ होणार, गुण जाणार. मग करायचं काय? बायका कुंडाच्या काठावर ओळीने उभ्या राहतात आणि जवळपास सहा फुटी फळ्यांनी पाणी उलटंपालटं करतात, सोबत 'कुसात्सू-बुशी' हे तिथलं गाणं. 'युमोमी' म्हणजे शब्दशः ऊन पाणी मळणं, चोळणं. लेखात एवढंच लिहा: 'विसण न घालता, फळ्यांनी घुसळून पाणी निववतात.' तुमचा अर्धा परिच्छेद वाचला.

गाण्याचंही सांगते. वैद्याच्या हाताने नाही आणि कुसात्सूच्या पाण्यानेही नाही, प्रेमाचा आजार काही बरा होत नाही, अशा अर्थाची त्यात एक ओळ आहे. उरलेले आजार बरे होतात हे गाण्याने गृहीतच धरलंय म्हणा. औषध म्हणून असं स्नान घेत राहण्याला 'तोजी' असा वेगळा शब्द आहे. त्यासाठी लोक पूर्वी आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असत.

मराठवाड्यातून पुन्हा:
आमच्याकडे 'इसन'. 'पाण्यात इसन टाक.'

याला जोडून एक. जपानमधल्या ओन्सेनमध्ये भिंतीवर एक पाटी असते. पाण्यात बाहेरचं पाणी मिसळलंय का, ते तापवलंय का, तेच तेच गाळून फिरवलंय का, जंतुनाशक घातलंय का, हे सगळं त्यावर लिहावं लागतं. २००४ साली एका नामांकित ठिकाणी पाण्याचा दुधी रंग टिकवण्यासाठी पावडर मिसळत असल्याचं उघडकीस आलं आणि मोठा गवगवा झाला. त्यानंतर २००५पासून हा नियम आला. त्या पाटीवरचा पहिला शब्द 'कासुई', म्हणजे जोडलेलं पाणी. याचं भाषांतर 'अतिरिक्त जल मिश्रित' असं कुणी केलं तर मी त्याला हात जोडीन. 'विसण घातले आहे', विषय संपला. याउलट उगमातून थेट येऊन काठावरून वाहून जाणारं पाणी असेल तर ते अभिमानाने 'गेन्सेन काकेनागाशी' लिहितात. आपल्या विहीर खोदणाऱ्यांचा शब्द तिथे चपखल बसतो: जिवंत पाणी.

प्रश्नकर्ती:
विसण! माझ्या आईचा शब्द, आणि लिहिताना एकदाही आठवला नाही. घेतला.

शेवटच्या दोन शंका. तिथल्या पारंपरिक निवासाचं नाव 'रयोकान' लिहू की 'र्योकान'? आणि 'ओन्सेनमध्ये आंघोळ केली' चालेल का?

उत्तर:
'ऱ्योकान'. सूर्यातला 'र्य' नव्हे, दोऱ्यातला 'ऱ्य'. हिंदीवाल्यांकडे हे अक्षर नाही म्हणून ते 'रयोकान' लिहितात. आपल्याकडे आहे, तर वापरा.

आंघोळीचं मात्र जपून. तिथे आंघोळ आधी उरकायची असते. लहानशा स्टुलावर बसून, साबण लावून, अंगावरचा फेस पूर्ण धुऊन मगच कुंडात उतरायचं. कुंडात साबण नाही, कपडे नाहीत, आणि पंचाएवढा छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात. त्यामुळे 'कुंडात आंघोळ केली' लिहिलंत तर जपानी माणूस दचकेल. 'डुंबलो' म्हणावं तर नदीतली पोरं डोळ्यांसमोर येतात.

आणखी एक उत्तर:
'अंग शेकलं'? पाठ शेकतो, कंबर शेकतो, तसं.

राजापूरकडून:
शेकायला विस्तव किंवा पिशवी लागते, पाण्यात बसून कोण शेकतं? आमच्याकडे उन्हाळ्याच्या कुंडावर म्हातारी माणसं 'पाण्यात बसून येतो' एवढंच म्हणतात.

प्रश्नकर्ती:
'आंघोळ करून तासभर पाण्यात बसलो.' हेच ठेवते. फक्त 'तासभर' काढते. कुसात्सूच्या त्या आम्लधर्मी, कढत पाण्यात तेवढा वेळ बसून दाखवा! जुन्या पद्धतीच्या 'जिकान्यु'त, म्हणजे वेळ मोजून घ्यायच्या स्नानात, तर एका वेळी तीनच मिनिटं बसवत, तेही प्रमुखाच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम उतरायचं आणि एकदम निघायचं.