मदत हवी आहे: टॉल युनिटमधला (उंच कपाटातला) बिल्ट-इन फ्रिज गेला, आता त्या जागेत काय बसवू?

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमचा रीसेलचा वन बीएचके. आधीच्या मालकांनी हौसेने मॉड्युलर किचन करून घेतलं होतं आणि फ्रिज शटरमागे असा दडवला होता की पाहुणे गार पाण्यासाठी हमखास डाळींचं कपाट उघडतात. तो फ्रिज आता गेला. दिवा लागतो, पंखा फिरतो, गारवा नाही. मेकॅनिकच्या मते गळती आतल्या कॉइलला आहे, म्हणजे फोमच्या आत. ते फोडून जोडलं तरी टिकेल याची हमी नाही म्हणाला. गॅस आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. तेव्हा मीही आग्रह धरला नाही. आईचं इन्सुलिन सध्या शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये आहे, त्यामुळे घोळ घालत बसायला वेळ नाही.

मापं अशी: युनिट बाहेरून ६० सेंमी रुंद, दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लाय, म्हणजे आत ५६.४. खोली ५६, उंची १७८. वर लॉफ्ट, आणि त्याचा भार या खोक्यावरच. डावीकडे भिंत, उजवीकडे ओटा. ओटा ६० सेंमी खोल. समोर उभं राहायला ८५ सेंमी. स्वयंपाकघराची चौकट आतून ७२.

तसाच दुसरा बिल्ट-इन घ्यावा तर १७८ उंचीचे मिळतात, बॉश, सीमेन्स, हाफेले वगैरेंचे. पण मला सांगितलेले भाव साध्या फ्रिजच्या तिप्पट-चौपट आहेत, आणि आमचं शटर खोक्याच्या बिजागरीवर असून फ्रिजच्या दाराला प्लास्टिकच्या पट्टीने जोडलंय. दुसऱ्या कंपनीत शटर थेट फ्रिजच्या दारावरच बसतं. म्हणजे शटरला नवीन भोकं पाडणं आलंच.

दुकानातला मुलगा म्हणतो, ५५ सेंमी रुंदीचा साधा डबल डोअर याच खोक्यात "आरामात" जाईल. हा आराम मला पटत नाहीये. माझा कल खोकं काढून तिथे साधा फ्रिज उभा करण्याकडे आहे. घरच्यांचं म्हणणं, किचनचा शो जाईल. गेला तर जाऊ दे, पण लॉफ्टचं काय करायचं? (हॉलमध्ये ठेवा असं कृपया सुचवू नका. तिथे दिवाण, शिलाई मशीन आणि सासऱ्यांची आरामखुर्ची आहे.)

निवृत्त मेकॅनिक:
ताई, खोक्यात साधा फ्रिज अजिबात कोंबू नका. हल्लीच्या बहुतेक साध्या फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या असतात. चालू फ्रिजच्या कुशीला हात लावून बघा, गरम लागतो. दोन्ही बाजूंना पाऊण सेंमी जागा ठेवलीत तर ती उष्णता जाणार कुठे? कॉम्प्रेसर अखंड चालत राहणार आणि बिल तुम्ही भरणार.

बिल्ट-इनची रचना वेगळी. तो खालच्या स्कर्टिंगच्या (कपाटाच्या तळाच्या पट्टीच्या) जाळीतून हवा घेतो, ती पाठीमागून वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते. खाली-वर साधारण २०० चौरस सेंमी मोकळं लागतं. तुमच्याकडे ते आहे का बघा, आणि आतल्या स्टिकरवर क्लायमेट क्लास (फ्रिज किती उष्ण हवेपर्यंत चालेल तो वर्ग) काय लिहिलाय तेही सांगा.

धागाकर्ती:
बघितलं. स्कर्टिंगला जाळी आहे, तळणाच्या तेलाने चिकट झालेली, त्यावर धुळीचा करडा थर. बोट फिरवलं तर गोळीच हातात आली. वरचं तोंड मात्र लॉफ्टच्या लॅमिनेटने पूर्ण बंद. स्टिकरवर एसएन आहे.

निवृत्त मेकॅनिक:
मग संपलंच. एसएन आणि एन म्हणजे बाहेरचं तापमान ३२ अंशांपर्यंत. एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. मुंबईत मे महिन्यात, शेगडीशेजारी, वरून बंद खोक्यात ३२ कुठलं मिळतंय? पुढे बिल्ट-इन घेतलात तरी स्टिकरवर टी हवा आणि माथा फोडून घ्या. नाहीतर नव्याचे पैसेही पाण्यात.

ट्रॉलीवाली:
खोकं काढा, तुमचा कल बरोबर आहे. दोन्ही फळ्या गेल्या की पूर्ण ६० मिळतात. ५५ चा फ्रिज ठेवला तर दोन्हीकडे अडीच-अडीच उरतात. तरी त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत किती जागा सोडायला सांगितलीय ते आधी वाचा. फ्रिजची खोली ६५ ते ६७ असेल, पाठीमागची जागा धरून फ्रिज ओट्याच्या पुढे दहाएक सेंमी येईल. ते दिसायला वाईट, पण फायद्याचं: बिजागरी उजवीकडे असली तरी दार ओट्याच्या कडेवर आपटणार नाही. डावी बिजागरी मात्र घेऊच नका. भिंतीमुळे दार काटकोनापुढे जाणार नाही आणि भाजीचा ड्रॉवर बाहेर येणार नाही. समोर ७५ उरतात, दार उघडायला पुरे. चौकटही अडवणार नाही.

लॉफ्टसाठी लोखंडी अँगलची फ्रेम करून घ्या, खोकं काढायच्या आधी. तोवर लॉफ्ट रिकामा. डावी बाजू भिंतीत फास्टनरने, उजवीकडचा पाय ओट्यावर टेकवा, म्हणजे फ्रिजच्या रुंदीतलं काही जात नाही. डावी भिंत किती जाड आहे?

धागाकर्ती:
चार इंची असावी. पलीकडे बाथरूम.

ट्रॉलीवाली:
मग निव्वळ फास्टनरवर भार नको. डावीकडेही मागच्या कोपऱ्यात जमिनीपर्यंत एक सपाट पट्टी उतरवा. पितळेची भांडी खाली आणा, लॉफ्टवर गाद्या-चादरीच ठेवा. आणि बाथरूमच्या भिंतीत ड्रिल मारण्याआधी नळाच्या पाइपलाइन कुठून गेल्यात ते विचारून घ्या.

कांजूरकर:
दोन गोष्टी. सॉकेट खोक्यामागे असेल तर या निमित्ताने ओट्याच्या वर, हात पोचेल असा घ्या. प्लग काढायला अख्खा फ्रिज ओढायची वेळ येऊ नये. आणि महानगर गॅसची पाइप तिथून जात असेल तर सुताराला हात लावू देऊ नका, त्यांचाच माणूस बोलवा. जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो. बिल्ट-इन एक्स्चेंजमध्ये घेतात का, ते नवीन बुक करण्याआधीच दुकानात विचारा.

धागाकर्ती:
खूप आभार. गॅसची पाइप ओट्याखालून उजवीकडे जाते, म्हणजे ती सुटली. सॉकेट मागेच आहे, बदलून घेते. घरच्यांना स्टिकर आणि जाळी दोन्ही दाखवली, शोचा मुद्दा तूर्तास मागे पडलाय. आता अँगलची फ्रेम आणि खोकं ही दोन्ही कामं एकाच दिवशी करणारा फॅब्रिकेटर मुलुंड-भांडुपकडे कोणाच्या ओळखीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकी चालत नाही, हे त्याला आधीच सांगावं लागेल.