वानुआटूचे ज्वालामुखी: अँब्रिमचा लाव्हा तलाव गेला कुठे, आणि यासुरच्या कड्यावर जाणं कितपत सेफ?

भटक्या_समीर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात वानुआटू आहे. पॅसिफिकमधला ८० हून जास्त बेटांचा देश, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला. अँब्रिम बेटावरच्या मारुम ज्वालामुखीचे जुने व्हिडिओ बघितले होते, खाली खोल विवरात लाल लाव्हाचा तलाव उसळतोय आणि वरती दोरावर लोंबकळणारी माणसं, तेव्हापासून एकदा तरी हे डोळ्यांनी बघायचंच असं ठरवलंय. पण आता तिथल्या एका गाईडला विचारलं तर तो म्हणतो तलाव नाहीये, २०१८ मध्येच गेला. एवढा लाव्हा जातो कुठे? आटतो म्हणजे नक्की काय होतं? कोणीतरी नीट समजावून सांगा.

दुसरं म्हणजे टान्ना बेटावरचा यासुर. तिथे म्हणे गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते आणि थोडं चाललं की थेट तोंडाशी उभे. स्फोट चालू असताना लोकांना असं वर सोडतात कसं? सोबत बायको असेल, तिला दमा आहे, तसा कंट्रोलमध्ये आहे पण इन्हेलर जवळ लागतो. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा, टूरवाल्यांची भाषा नको.

खडकवेडा

समीर, गाईडने बरोबर सांगितलंय. अँब्रिमवर १२ किलोमीटर रुंद कॅल्डेरा आहे, म्हणजे जुन्या काळी खचून तयार झालेला प्रचंड खड्डा, आणि त्याच्या आत मारुम आणि बेनबो हे दोन मुख्य ज्वालामुखी. डिसेंबर २०१८ च्या मध्यापर्यंत दोन्ही मिळून पाच लाव्हा तलाव होते, आणि ते काही दिवसांत रिकामे झाले.

तलाव म्हणजे खालून वर आलेल्या मॅग्माचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा, नुसता वरचा पृष्ठभाग असतो. खाली मोठा साठा, त्यातून गॅसने भरलेला गरम मॅग्मा वर येतो, गॅस सोडतो, जड होतो आणि परत खाली जातो, हे चक्र चालू आहे तोवर तलाव जिवंत. त्या डिसेंबरमध्ये झालं काय, तर खालच्या साठ्यातून मॅग्माने बाजूला वाट काढली. जमिनीखाली एक उभी भेग आग्नेयेकडे कित्येक किलोमीटर फाटत गेली, आणि ०.४ घन किलोमीटरहून जास्त मॅग्मा त्या भेगेत शिरला. साठा बसला तसा वरचा तलावही बसला, कॅल्डेराचा तळ दोन मीटरहून जास्त खचला. सॅटेलाइटच्या रडारवरून हे सगळं मोजलं गेलं.

म्हणजे लाव्हा आटला नाही, सरकला. मोठ्ठा उद्रेक जमिनीवर झालाच नाही, पण आग्नेय टोकाच्या पामाल गावात जमीन फाटली, घरांच्या मधून भेगा गेल्या, आणि नंतर किनाऱ्यावर ताजे प्युमिस दगड (लाव्हा फेसाळून थिजलेले हलके, सच्छिद्र दगड) सापडले म्हणजे मॅग्मा शेवटी समुद्राच्या तळाशी बाहेर पडला होता. आपण तलाव गेला म्हणून हळहळतो आणि पामालच्या लोकांची घरं राहण्यालायक राहिली नाहीत, ही गोष्ट व्हिडिओवाले कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. डिसेंबर १९१३ मध्ये अँब्रिमचा मॅग्मा असाच बाजूने सरकून पश्चिम किनाऱ्यावर डिप पॉइंटला फुटला, तिथलं मिशनचं हॉस्पिटल त्यात नष्ट झालं. त्यामुळे अँब्रिमला धोका विवराच्या काठावरच असतो असं समजू नका, किनाऱ्यावर नारळाखाली बसलेल्या माणसालाही तो असतो.

मीनल_टी

यासुरबद्दल मी सांगते, आम्ही काही काळ राजधानी पोर्ट व्हिलात राहायला होतो आणि टान्नाला जाणं झालंय.

व्हाइटग्रास विमानतळ पश्चिमेला आणि यासुर पूर्वेला, त्यामुळे फोर बाय फोरने अख्खं बेट ओलांडून जायचं. वाटेत सगळं हिरवंगार, मोठमोठे वड, आणि मग एकदम झाडं संपतात आणि काळं राखेचं मैदान सुरू होतं, चाकांच्या मागे काळी धूळ. तिथे आधी एक तळं होतं, ज्वालामुखीने नदी अडवून झालेलं, ते २००० साली मोठ्या पावसात फुटून वाहून गेलं. डोंगर म्हणाल तर उंची फक्त ३६१ मीटर, लांबून बघितलं तर वाटतं हाच का तो. वर गाडी थांबते तिथून कड्यापर्यंत थोडीच चढण आहे.

आवाजाची तयारी ठेव. कानाला ऐकू येतो त्याच्या आधी छातीत आणि पायाखाली कळतो. मग विवरातून लाल गोळे उडतात, वर जाऊन थोडे रेंगाळल्यासारखे दिसतात आणि आतल्या भिंतीवर थप्पकन चिकटतात, ओल्या चिखलासारखे, आणि बघता बघता कडेने काळे पडत मधे लाल राहतात. संध्याकाळी अंधार पडताना जायचं, दिवसा नुसता धूरच दिसतो. आणि राख, ती सगळीकडे असते, दातांखाली कचकच, कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कडेला, डोळ्यात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर घालू नका, चष्मा किंवा गॉगल घ्या.

आता सेफ का, तर लोक तिथे मेलेले आहेत, १९९० च्या दशकात उडालेले दगड लागून. देशाचं हवामान आणि भूसंकट खातं प्रत्येक ज्वालामुखीला ० ते ५ अशी पातळी देतं. यासुर साधारण १ किंवा २ वर असतो, ३ झाली की वर जाणं बंद. निघण्याच्या दिवशी सकाळी ती पातळी स्वतः बघा, आठवडाभर आधी बघून उपयोग नाही. हेल्मेट देतात ते काढायचं नाही. मोठा स्फोट झाला तर पाठ फिरवून पळायचं नाही, हे गाईडने आम्हाला खाली असतानाच दोनदा बजावलं, वर बघायचं, दगड कुठे येतोय ते ओळखायचं आणि मग बाजूला व्हायचं. सांगायला सोपं आहे, पण तेवढं डोकं ठिकाणावर राहत नसेल तर कड्यावर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, तिथली जमीन मूळ मालकांची आहे, देशाच्या घटनेतच तसं लिहिलंय. ज्वालामुखीही कोणाच्या तरी वाडवडिलांच्या जमिनीवर आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७४ मध्ये रात्री यासुरचा उजेड बघून टान्नाला उतरला, त्याला वर जायचं होतं आणि लोकांनी जाऊ दिलं नाही. आजही गावाने नाही म्हटलं की नाही, तिथे वाद घालायचा नाही.

रोहन_पी

वाचून छान वाटलं पण एक कळत नाही, एवढा धोका आहे तर लोक तिथे राहतातच कशाला? सरकारने एकदाच काय ते सगळ्यांना दुसऱ्या बेटावर का हलवू नये? भरपूर बेटं आहेत की.

जहाजी

रोहन, हलवून बघितलंय. अंबाए बेटाचं उदाहरण आहे, जरा सविस्तर लिहितो कारण हे लोकांना फार कमी माहीत आहे.

अंबाए म्हणजे अख्खं बेट हाच एक ज्वालामुखी, समुद्रातून वर १,४९६ मीटर, आणि माथ्यावर तळी. त्यातल्या वूई तळ्याखाली मुख्य तोंड आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथे उद्रेक सुरू झाला, पातळी ४ वर गेली आणि सरकारने पूर्ण बेट रिकामं केलं, ११,००० च्या आसपास माणसं, बोटी, फेरी, जे मिळेल त्यातून सांतो, माएवो आणि पेंटेकॉस्ट या आसपासच्या बेटांवर. ऑक्टोबरच्या शेवटी परत यायची परवानगी मिळाली, लोक आले, बागा साफ केल्या, पुन्हा लावणी केली. आणि जुलै २०१८ मध्ये त्याहून मोठा उद्रेक, राख एवढी की पानांनी शाकारलेली छपरं वजनाने खाली आली, दिवसा अंधार, आणि पुन्हा सगळ्यांना बेट सोडायचा हुकूम. त्या जुलैमध्ये अंबाएने वातावरणात जवळपास ४ लाख टन सल्फर डायऑक्साइड सोडला.

आता विचार करा, दोनदा घर सोडलेली माणसं. सांतोवर तंबूत राहायचं, मुलांच्या शाळा तुटलेल्या, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाग नाही. तिकडे घर म्हणजे बाग, टारो म्हणजे अळकुड्यांसारखा कंद, याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा, आयलंड कॅबेज नावाची भेंडीच्या कुळातली पालेभाजी. ज्या बेटावर नेऊन ठेवलं तिथली प्रत्येक जमीन कोणाची तरी आहे, त्यामुळे पाहुणा किती दिवस दुसऱ्याच्या जमिनीत कंद लावणार? रिकामी बेटं दिसतात ती आपल्याला नकाशावर. म्हणून लोक परत गेले, आणि मला यात वेडेपणा अजिबात दिसत नाही. राखेची जमीन काही वर्षांनी भरपूर पीक देते हेही खरं आहे, पण नुसतं त्यासाठी कोणी परत जात नाही, पूर्वजांची जागा सोडवत नाही.

कायमचं हलवल्याचंही उदाहरण आहे, लोपेवी बेट. तिथले लोक १९६० च्या दशकात उद्रेकांमुळे शेजारच्या बेटांवर गेले, तेव्हापासून तिथे वस्ती नाही.

खडकवेडा

जहाजींशी सहमत. फक्त एक जोडतो, लाव्हा बघून आपण घाबरतो पण वानुआटूत रोजचा त्रास राख, गॅस आणि पाण्याचा आहे. बेटांवर लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून पितात. पाऊस ज्वालामुखीच्या धुरातून पडला की आम्लधर्मी होतो, पानं करपतात आणि पाण्यात फ्लोराइड उतरतं. अँब्रिम २०१८ पर्यंत जगातल्या सगळ्यात जास्त गॅस सोडणाऱ्या ज्वालामुखींपैकी होता, आणि धूर ज्या बाजूला जायचा तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले, ते या फ्लोराइडमुळे. तलाव गेल्यावर हा त्रास कमी झाला असणार, म्हणजे ज्याचं आपल्याला वाईट वाटतंय त्याने तिथल्या आईबापांना जरा हायसं वाटलं असेल.

हे सगळे ज्वालामुखी एका रांगेत का, तर पश्चिमेकडून ऑस्ट्रेलियाची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) पॅसिफिकच्या बाजूखाली घुसतेय, खोलवर गेल्यावर तिच्यातलं पाणी सुटतं आणि त्यामुळे वरचा खडक वितळतो. भूकंपही त्याच धक्काधक्कीतले, १७ डिसेंबर २०२४ ला पोर्ट व्हिलाला ७.३ चा झाला तो आठवत असेल. आणि समुद्राखाली अजून बरेच आहेत. एपी आणि टोंगोआ या बेटांच्या मधे कुवाए नावाचा बुडालेला कॅल्डेरा आहे, १५ व्या शतकात तिथे फार मोठा उद्रेक झाला आणि एकसंध जमीन तुटून बेटं वेगळी झाली असं स्थानिक कथांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगतात. त्याची नक्की तारीख आणि आकार यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे, पण त्या कथांमुळेच संशोधक तिथे खणायला गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

भटक्या_समीर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अँब्रिमचा तलाव डोक्यातून काढला. मीनलताई, यासुरला जायचं नक्की करतोय पण दम्याचं काय? एन ९५ मास्क घातला तर चालेल का?

मीनल_टी

समीर, मास्क राखेला अडवतो, गॅसला नाही. सल्फर डायऑक्साइड थेट आत जातो आणि दमा असलेल्यांना अगदी थोड्यानेही श्वास लागू शकतो, तिथे आमच्यातल्या धडधाकट माणसांनाही वारा फिरला की खोकल्याची उबळ यायची. तिच्या डॉक्टरांना स्पष्ट विचार, ज्वालामुखीच्या कड्यावर जाणार आहे असं सांगून विचार, नुसतं फिरायला जातोय असं नको. ते हो म्हणाले तरी इन्हेलर खिशात हवा, गाडीतल्या बॅगेत नाही.

वारा तिथे बहुतेक वेळा आग्नेयेकडून असतो, म्हणून धूर आणि राख वायव्येकडे जाते. गाईडला सांगून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं आणि वारा पडला किंवा फिरला की लगेच खाली. एक सुचवू का, तिला वर न्यायचा हट्ट धरू नकोस. पोर्ट रेझोल्यूशनच्या बाजूला राहा, तिथे किनाऱ्यावर गरम पाण्याचे झरे आहेत, गावातल्या बायका त्यात कंद उकडून घेतात, आणि रात्री डोंगराच्या वरचा ढग खालून लाल होताना तिथूनही दिसतो. तू वर जाऊन ये, ती खाली थांबेल, आणि तसं आधीच ठरवून जा म्हणजे वर पोचल्यावर वाद नकोत.