टीडीडी गटानं शिकायचंय (सांगली): रविवारची बैठक कशी चालवावी?

नमस्कार मंडळी,

विश्रामबागेत आम्ही सात-आठ जण जमतो. निम्मे घरून पुण्याच्या कंपन्यांचं काम करतात, दोन वालचंद कॉलेजची शेवटच्या वर्षाची पोरं आहेत, आणि एक जण मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देतो. टीडीडीचे (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे कोडच्या आधी तो तपासणारी टेस्ट लिहायची पद्धत) व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, पण रोजच्या कामात वापरणारा एकही नाही. पुण्याला मीटअप असतात, पण सव्वादोनशे किलोमीटर जाऊन दुसऱ्याच्या स्लाइड बघायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं, हे दर महिन्याला कुणाला परवडतंय? म्हणून एका मित्राच्या क्लासची खोली मिळवली. प्रोजेक्टर आहे, इन्व्हर्टर आहे, खाली चहावाला आहे.

रीत पाठ आहे: आधी नापास होणारी टेस्ट, मग ती पास होण्यापुरताच कोड, मग सगळं हिरवं असताना साफसफाई. (टेस्ट पास म्हणजे हिरवं, नापास म्हणजे लाल.) पण प्रत्यक्षात काय होतं? ज्याचा हात कीबोर्डवर भराभर चालतो तो बसतो, बाकीचे थोड्या वेळानं मोबाइल काढतात. पहिलीच टेस्ट एवढी मोठी लिहिली जाते की अर्धा तास लालच. शेवटी कुणीतरी म्हणतं, "आधी कोड लिहून टाकू, टेस्ट मागनं लावू."

दुसरं, सराव कशावर करावा? अडतवाला मित्र म्हणतो हळदीची पट्टी घेऊ, म्हणजे अडतीवरचा विक्रीचा हिशेब: वजन, दर, हमाली, तोलाई. मला ते आवडतंय, पण पहिल्याच फटक्यात अवघड होईल का?

तिसरा प्रश्न पोरांचा. टेस्ट पास करायला फंक्शनमधून थेट शून्य परत पाठवायचं, ही फसवणूक नाही का? मला नीट उत्तर देता आलं नाही.

गटात जावा, पीएचपी, पायथन आणि जावास्क्रिप्ट असा चौरंगी संसार आहे, हेही लक्षात घ्या.

— कृष्णाकाठ

*

प्रतिसाद: लालहिरवा

मूळचा मिरजेचा, आता बंगळुरात. तुमचा पहिला त्रास जगभरातल्या गटांना होऊन गेलाय आणि त्यावर रँडोरी नावाचा तोडगा आहे. एकच लॅपटॉप, प्रोजेक्टरवर. समोर दोघं: एक टाइप करणार, दुसरा दिशा दाखवणार. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा. तो वाजला की टाइप करणारा उठून मागं बसतो, दिशा दाखवणारा कीबोर्ड घेतो, मागचा एक जण पुढं येतो. वाक्य अर्धं असलं तरी उठायचंच, "एवढं संपवतो" चालणार नाही. आणि टेस्ट लाल असेल तोवर मागच्यांनी गप्प बसायचं, सूचना द्यायच्या त्या हिरवं झाल्यावर. तुमचा भराभर हातवाला सुरुवातीला तडफडेल, तडफडू द्या.

अर्धा तास लाल राहत असेल तर एक नियम जोडा: टायमर दोनदा वाजला तरी हिरवं नाही, तर गिटनं (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) शेवटच्या हिरव्या जागेवर परत. त्यातच टेस्ट आपोआप लहान व्हायला लागतात.

शून्य परत पाठवण्याबद्दल: टीडीडी रूढ करणाऱ्या केंट बेकनंच ही युक्ती सांगितली आहे. त्या क्षणी तुम्ही कोड नाही, टेस्ट तपासत असता. ती लाल झाली, शून्य लिहिल्यावर हिरवी झाली, म्हणजे जोडणी बरोबर आहे. पुढची टेस्ट दुसरा आकडा मागते, तेव्हा शून्य टिकत नाही आणि खरा हिशेब लिहावा लागतो. पोरांना सांगा, फसवणूक तेव्हाच, जेव्हा दुसरी टेस्ट लिहायचीच राहते.

भाषांचा प्रश्न असेल तर एखादा पूर्ण दिवस काढून कोडरिट्रीट करा. 2009 पासूनचा प्रकार आहे. कॉनवेचा गेम ऑफ लाइफ (चौकटींच्या जाळीतल्या पेशी नियमांनुसार जगतात-मरतात असा खेळ) घ्यायचा, जोडीजोडीनं 45 मिनिटं करायचा, मग कोड पुसून टाकायचा आणि नवी जोडी, पुन्हा पहिल्यापासून. जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती जगते, मेलेलीला बरोबर तीन असले तर जिवंत होते, बाकी सगळ्या मेलेल्या. एवढेच नियम, त्यामुळे पीएचपीवालाही पायथनवाल्याशेजारी बसू शकतो. कोड पुसताना जीव तुटतो खरा, पण नाट्यपंढरीच्या माणसांना तालीम काय असते ते मी सांगायला नको.

*

प्रतिसाद: पक्कीपट्टी

पट्टी जरूर घ्या, पण गेम ऑफ लाइफनंतर. आणि छापील पट्टी समोर ठेवून सुरू करू नका, नाहीतर पहिली टेस्ट परत मोठी होईल. एकही पोतं नाही तर रक्कम शून्य, ही पहिली. एक पोतं 50 किलो, दर क्विंटलला 12,000, कपात काही नाही: 6000. मग 52.4 किलो, दर 12,150: 6366.60. इथं पैसे दशांशात ठेवलेत तर कधीतरी पैशाचा फरक दिसेल, तेव्हा सगळं पूर्ण पैशांत साठवायचं ठरवा. मग पोत्यामागं हमाली, मग तोलाई.

खरी मजा पुढं आहे. दोन पोत्यांची टेस्ट लिहायला बसलात की कुणीतरी विचारणारच, रुपयात पूर्णांक करायचं ते प्रत्येक पोत्याला की शेवटी एकदाच? याचं उत्तर कोडमध्ये नाही, अडत्याकडं आहे. तुमच्या मित्राला तिथल्या तिथं फोन करायला लावा. आमच्याकडं असल्याच एका प्रश्नानं पुढचा महिनाभराचा घोळ वाचला होता.

*

प्रतिसाद: उगाचविचारतो

आमचा मॅनेजर टेस्टला वेळच देत नाही. मग हे शिकून करायचं काय?

*

प्रतिसाद: लालहिरवा

@उगाचविचारतो, परवानगी मागू नका. बग दुरुस्त करायचा असला की आधी तो पकडणारी एक टेस्ट लिहा, मग दुरुस्ती. वेगळा वेळ कुणी मोजत नाही.

*

प्रतिसाद: कृष्णाकाठ

आभार मंडळी. येत्या रविवारी रँडोरी, मोबाइल टोपलीत. टायमर अडतवाल्याकडं देतो, तो पैशालाही सोडत नाही, मिनिटाला काय सोडणार.

एक राहिलंच: विषम संख्या आली आणि जोडीजोडीनं बसायचं असलं, तर उरलेल्याला तिघांत घ्यायचं की नुसतं बघायला बसवायचं? आणि वालचंदच्या पोरांनी आणखी चौघांना आणायचं म्हटलंय. एका टायमरवर बारा जण चालतील का, की दोन टेबलं करावीत?