इंग्लंडचा उन्हाळा: कौंटी क्रिकेट, नाटक आणि खादाडी. तुमचे अनुभव लिहा

मंडळी, जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो. सकाळी अकराला सुरू झालेला कौंटी सामन्याचा (इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांमधल्या क्रिकेटचा) दिवस संपला तरी फिरायला, जेवायला भरपूर वेळ उरतो. भारतातून येणारे पाहुणे लॉर्ड्स आणि लंडन आय उरकून परत जातात, याची मला फार हळहळ वाटते. चार दिवसांचा कौंटी सामना, उघड्यावरचं नाटक, गावातल्या चहाघरातली एक दुपार, यासाठी त्यांनी वेळ काढावा म्हणून हा धागा. कुठे गेलात, काय पाहिलंत, काय खाल्लंत, सगळं सविस्तर येऊ द्या.

वुस्टरहून

माझ्या मते न्यू रोडसारखं मैदान नाही. एका अंगाला सेव्हर्न नदी, समोर कॅथीड्रलचा मनोरा. नदी इतकी जवळ की हिवाळ्यात मैदान बऱ्याचदा पाण्याखाली जातं, आणि 2007 मध्ये तर ऐन हंगामात पाणी शिरलं होतं.

सुट्टी टाकून बुधवारी गेले होते. प्रेक्षक बहुतेक निवृत्त. शेजारच्या आजी मांडीवर स्कोअरबुक घेऊन प्रत्येक चेंडू पेन्सिलीने टिपत होत्या. धाव नाही तर टिंब. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा, आणि त्यातच बळी गेला असेल तर तीच टिंबं जोडून डब्ल्यू. मला ते इतकं आवडलं की पुढची काही षटकं मी खेळाऐवजी त्यांची वहीच बघत बसले! मी भारतीय म्हटल्यावर त्यांनी लगेच झहीर खानचं नाव काढलं. श्रीरामपूरचा हा पोरगा 2006 मध्ये भारतीय संघाबाहेर असताना इथे आला, कौंटीत 78 बळी घेतले आणि त्याच वर्षाअखेरीस पुन्हा भारताकडून खेळला. आजींना तो हंगाम पाठ होता.

चहापानाची सुट्टी वीस मिनिटांचीच असते, म्हणून लेडीज पॅव्हेलियनच्या रांगेत जरा आधी उभं राहा. नाव तसं असलं तरी चहा सगळ्यांना मिळतो. घरगुती केकची भली मोठी फोड घ्या. डबा नेला तरी कुणी काही म्हणत नाही, मी थालीपीठ नेलं होतं.

साउदॅम्प्टनहून

रहाणेची आठवण लिहायलाच हवी. मे 2019, हॅम्पशायर कौंटीकडून त्याचा पहिला सामना, तोही आयल ऑफ वाइटवर. त्या बेटावर 1962 नंतर पहिल्यांदाच प्रथम श्रेणीचा सामना होत होता. आम्ही मित्र फेरीबोटीने गेलो. दुसऱ्या डावात त्याने 119 केले. शतक झाल्यावर आम्ही जो आरडाओरडा केला तो ऐकून पुढच्या रांगेतले गोरे आजोबा मागे वळले आणि आमच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले. संध्याकाळी व्हेंटनरच्या किनाऱ्यावर खेकड्याचं सँडविच खाल्लं. मालवणी रश्शाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास सपक लागतो, मग खेकड्याची मूळची गोडी कळते.

लंडनहून

आता नाटकाकडे वळू या. थेम्सकाठच्या ग्लोब या शेक्सपिअरच्या नाट्यगृहात अंगणात उभं राहून नाटक बघायचं तिकीट 5 पौंडांपासून मिळतं. परवडत असलं तरी गॅलरीतली जागा घेऊ नका, उभेच राहा. रंगमंच छातीइतका उंच, पुढे पोचलात तर त्यावर चक्क कोपर टेकता येतं. नट आपल्यातूनच वाट काढत मंचावर चढतात. दुपारच्या प्रयोगाला नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असतात, त्यामुळे स्वगत म्हणणारा नट थेट आपल्या डोळ्यांत बघतो. कोकणात देवळापुढे दशावतार पाहिलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. अंगणावर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत. आमच्या प्रयोगाला मध्येच सर आली. नटांनी एक वाक्य गाळलं नाही आणि अंगणातलं कुणी हललं नाही. त्या पावसातलं नाटक मला बंदिस्त नाट्यगृहातल्या कितीतरी प्रयोगांपेक्षा जवळचं आहे. रेनकोट आणि मऊ बूट मात्र हवेतच, कारण प्रयोग चालू असताना खाली बसू देत नाहीत. आधी जवळच्या बरो मार्केटमध्ये पोटोबा करून घ्या.

ब्रिस्टलहून

1980 मध्ये सॉमरसेट कौंटीचा फलंदाज व्हिव्ह रिचर्ड्स वेस्ट इंडीजबरोबर दौऱ्यावर होता, म्हणून त्यांनी गावसकरला घेतलं. मी तेव्हा इथे नवा डॉक्टर होतो. सुट्टी मिळाली की गाडी टाँटनकडे, सॉमरसेटच्या मैदानाकडे! आपला सुनील बोथमच्या संघातून खेळतोय, हे बघताना ऊर भरून यायचा. 2018 मध्ये त्याच मैदानावर नातीला घेऊन गेलो. पावसामुळे सामना सहा षटकांचा झाला आणि सांगलीच्या स्मृती मानधनाने 18 चेंडूंत पन्नास ठोकल्या. नात तेव्हापासून बॅट सोडत नाही. टाँटनहून डेव्हन जवळ आहे, तिथे स्कोनवर (चहाबरोबरच्या छोट्या पावासारख्या केकवर) आधी घट्ट साय आणि वर जॅम लावतात. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. मी डेव्हनच्या बाजूचा.

पुण्याहून

जुलैअखेर आईबाबांना घेऊन येतोय. दोघं शाकाहारी, बाबांना गुडघ्याचा त्रास. काय जमेल?

धागाकर्ती

दादा, सगळं जमेल. बाबांना वुस्टरला न्या, मात्र आधी वेळापत्रक बघा. ऑगस्टमध्ये मुख्यतः एकदिवसीय चषक चालतो (पृथ्वी शॉने 2023 मध्ये नॉर्दॅम्प्टनला 244 काढले ते त्यातच), आणि एका दिवसात निकाल लागत असल्याने पाहुण्यांना तो सोयीचाही पडतो. ग्लोबमध्ये त्यांच्यासाठी बाकावरची तिकिटं काढा, उशी भाड्याने मिळते. तुम्ही खाली उभे राहा. जेवणाची चिंता नको, हाउन्स्लोला वडापाव मिळतो. मुक्काम लांबला तर डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला या. 1932 पासूनचं मंडळ आहे, आईंना चार मराठी माणसं भेटतील. तारखा कळवा, त्या आठवड्यात घरचा सामना कुठे आहे ते मी बघून ठेवते.